अर्धी टाकी

रऊफभाईनं ती उभी कापली.
काळी, हजार लिटरची, तळाशी तडकलेली,
टंचाईच्या साली त्याच्या गच्चीवर
टँकरची वाट बघत उन्हात फुटलेली.
गल्लीभर जळक्या प्लास्टिकचा वास.
एक अर्धा कोपऱ्यात पडला,
दुसरा माझ्या केबिनच्या टपावर चढला,
फुगीर पाठ वाऱ्याकडं,
चार अँगल, आठ बोल्ट, जुन्या ट्यूबचे वायसर.
"हे कामून?" मी म्हणालो.
"केरबा, तुझी गाडी वाऱ्याच्या थोबाडीत मारत जाते.
जरा अदबीनं जाऊ दे तिला."

बावीस वर्षं झाली स्टेअरिंगवर.
वारा मला ठाऊक होता तो हातातून.
लातूरहून डाळ भरून निघायचं,
नेकनूरच्या पुढं माळ उघडा पडला
की आषाढातला तो डावीकडून येतो,
ताडपत्रीत शिरतो,
अन् सोळा टन डाळ आणि मला
उजवीकडं सरकवत नेतो.
तासभर दाबून धरायचं,
बाहेरून कुणी दार लोटतंय
अन् आपण आतून खांदा लावलाय, तसं.
घरी सुलोचना बाम चोळते,
म्हणते, एवढं कुणाशी भांडून येता?

तिथंच वर टेकडीला पवनचक्क्या.
त्याच वाऱ्यावर कुणाचं तरी मीटर पळतं.
आमचं डिझेल जळतं.

शिवलिंगआप्पांची गाडी. त्यांनी टाकी बघितली,
विचारलं, "कितीला पडली?"
"भंगारातली हाय."
"मग राहू द्या."

मग चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेला
दोन्ही अंगांनी झालर लावली,
कुण्या दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, उलटा करून.
पावसात आतून शुभेच्छा दिसायच्या.

रऊफची निलोफर पॉलिटेक्निकला.
सुलोचनाच्या तोरणातली उरलेली जांभळी लोकर
तिनं वीत वीत कापली,
गाडीला चिकटपट्टीनं डकवली, शंभरेक धागे,
अन् भावाच्या मोटारसायकलवर मागं उलटी बसून,
मोबाईल धरून, कधी पुढं कधी मागं,
अंबाजोगाई रोडला धा किलोमीटर.
मी आरशात बघत होतो. काही दिसंना.
ढाब्यावर उतरून विचारलं, "काय दिसलं गं?"
"काका, बाजूचे धागे झोपलेत, केस विंचरल्यासारखे.
पण मागच्या फाळक्यावरचे उलटे उभे.
गाडीकडंच तोंड करून गोल गोल.
मागून कुणी धरून ओढतंय जणू."

मला चहा गिळंना.
मागून कुणीतरी ओढतंय,
हे मला किती वर्षं वाटत होतं,
अन् मी समजत होतो
माझंच काहीतरी असंल.

फाळक्याच्या दोन्ही कडांना
आत झुकलेल्या पट्ट्या बसवल्या.
एक केजजवळ उडाली.
परतताना बघितली,
एका घराच्या खुराड्यावर छप्पर होऊन बसलेली,
खाली कोंबड्या. मागायला जीव झाला नाही.
रऊफनं दुसरी केली, जाड रिबिटांची.

मग तो दिवस. मांजरसुंब्याच्या अलीकडं
माळ उघडा पडला, वारा आला,
मी सवयीनं स्टेअरिंग डावीकडं दाबलं
अन् गाडी खरंच डावीकडं गेली!
पांढरी पट्टी ओलांडली, खडी उडाली,
क्लीनर बबऱ्या झोपेतून "आई" म्हणून उठला.
सावरली. पुढं एका हातानं चालवली,
दुसऱ्या हाताचं काय करावं कळंना,
मांडीवर ठेवला, पाहुण्यासारखा.

लातूरला परत आलो तेव्हा
काटा अर्ध्यावर होता,
जिथं नेहमी लाल दिवा लागायचा.
आप्पांनी विचारलं, "ॲव्हरेज?"
"साडेतीनचा पावणेचार झाला."
झाला होता चारच्या उलीसा वर.
मधलं कुठं गेलं
ते मला ठाऊक, वाऱ्याला ठाऊक,
अन् आता तुम्हाला.

कोपऱ्यातला दुसरा अर्धा बघायला
परवा उदगीरचा एक जण आलता.
टाकीवर टकटक करून बघत होता.
मी म्हणालो, खांद्यासाठी लाव, गड्या.
डिझेलचं काही बोललो नाही.