स्टूल

लाल बसचा कन्नड बोर्ड आईला वाचता येत नाही.
ती आधी चढते, मग विचारते,
बेळगावचीच न्हवं ग ही?
हौदु, मी म्हणते.
त्या दिवसातलं सोपं उत्तर तेवढंच.

मी सहावीत. शाळेत कन्नड दुसरी भाषा,
घरात एकच, आणि तीही दिवेलागणीला बंद व्हायची.
बाबा कौलांच्या भट्टीवरनं निघाला की
सायकलीच्या चेनकव्हरचा आवाज आधी पोचायचा.
एकसारखा आला तर ताटं मांडायची.
तुटक आला
तर भरतला उचलून मागं, काजूखाली,
त्याच्या तोंडावर माझा हात.

सिव्हिलात चौदा नंबर.
दारावरची पाटी मी अक्षर अक्षर लावून वाचली: मा-न-सि-क.
बाबा म्हणाला, मी काय खुळा हाय?
बसला मात्र.
तळवे मांड्यांखाली दाबून,
कापतात ते दिसू नये म्हणून.

डॉक्टरीणबाई हिरेमठ, गदगकडच्या.
दिना एष्टु? त्यांनी विचारलं.
रोज किती, मी बाबाला सांगितलं.
थोडी, बाबा म्हणाला. अंगदुखीला.

थोडीला कन्नडात स्वल्प म्हणतात.
मला येत होता तो शब्द. चाचणीत आला होता.
मी म्हणाले, मूरु क्वार्टर.
ऐतवारी नाल्कु. मुंजानेनू, सकाळीपण.
आई लुगड्याच्या काठाकडं बघत राहिली.
तिला आकडे कळतात,
शनिवारच्या बाजारात ती रताळी कन्नडातच विकते.

काय सांगितलीस ग? बाबानं विचारलं.
थोडी, मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.
कन्नडातच म्हणाल्या,
‘थोडी’ कळते मला. तेवढं एकच मराठी येतं.
त्या खुर्चीत सगळे तेच बोलतात.
आणि पेन खाली ठेवून,
निनग निद्दी बरतैतेनु?

मी सवयीनं वळले.
आई, विचाराल्यात, तुला झोप येते काय.
अव्वग अल्ला, बाई म्हणाल्या.
आईला नाही, तर मग बाबाला असणार.
बाबा, तुला...
अल्ला. निनग.

टेबलाखालचं स्टूल त्यांनी पायानं ओढलं.
किर्र वाजलं फरशीवर.
तोवर मी उभीच होते, दोन खुर्च्यांच्या फटीत,
इकडचं तिकडं करत.
आता प्रश्न माझ्याच हातात राहिला होता
आणि पुढं द्यायला कोणी नव्हतं.

सायकल आली की मग येते, मी म्हणाले.
मराठीत.
कुणी भाषांतर केलं नाही.

मग शिवलीला सिस्टरनं आम्हांला काट्यावर उभं केलं.
मी सव्वीस किलो, चप्पल काढून.
आईचं कोपर वाकडं जुळलेलं, त्याचा फोटो काढायचा.
ते कसं मोडलं, हे सिस्टरनं दार लोटून घेऊन विचारलं.
भरत अजून अंथरूण ओलं करतो, तेही लिहिलं,
मोठ्यानं न वाचता.
आलो होतो एका कागदावर,
निघालो चार घेऊन.

बाबा अकरा दिवस राहिला.
नंतर आणखी दोनदा राहिला.
मधलं एक वर्ष असं गेलं की
चेनकव्हरला आम्ही विसरलोसुद्धा,
आणि एक वर्ष असं, की नाही.
ते सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी बसमध्ये आई म्हणाली,
शेवटाला काय म्हणाल्या ग बाई?
काय नाही. बेस्तरवारी बोलावलंय.
कुणाला?
मला.

तिनं माझा कागद मागितला.
रोगीय हेसरु, पुढं वैजयंता मष्णू घाडी,
आणि रोगाच्या रकान्यात काहीच नाही, कोरा.
देसूर मागं पडेस्तोवर ती तो धरून बसली,
वाचता येत नसताना,
पण सुलटा.
मग चौघांत तोच एक तिकिटाबरोबर
पदराच्या गाठीत बांधला.