नावावर

पाचशे अकरा.
बँकेतल्या बर्नडीननं आकडा मोठ्यानं वाचला नाही,
नुसता पडदा माझ्याकडे वळवला
आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसली.

बाहेर डुलुथचा फेब्रुवारी. बंदर इतकं गोठलेलं
की लोक बर्फावर ट्रक उभे करून मासे धरत होते.
मला एकोणीस पूर्ण. हवी होती एक जुनी सुबारू,
बस सुरू व्हायच्या आत बेकरीत पोचण्यापुरती:
पहाटेची पाळी, भट्टीपाशी, तासाला दोन डॉलर जास्त.

यादी मात्र माझ्यापेक्षा अनुभवी निघाली.
गॅसचं बिल, टेकडीवरच्या त्या भाड्याच्या घराचं;
तेव्हा मी अकरा वर्षांची.
एक केबल कनेक्शन. एक फोन.
हप्त्यावरचा हिरवा सोफा,
ज्यावर पालथी पडून मी पाचवीतले भागाकार केले.
बाकी नेहमी चुकायची.

सगळं माझ्या नावावर.
आईनंच ठेवलेलं नाव, काइसा.
तिचं स्वतःचं चालेनासं झालं
तेव्हा तिनं माझं चालवलं.

बर्नडीन हळूच म्हणाली, एक फॉर्म असतो.
पोलिसांकडे द्यायचा. मग हे पुसलं जातं.
दोनच पानं. दुसऱ्या पानावर:
त्या व्यक्तीला तुम्ही ओळखता का?
ओळखत असल्यास, नातं.

फॉर्म घरी आणला. पेनही काढलं.
आणि आठवला नेमका तोच हिवाळा:
खिडक्यांना आतून बर्फ धरायचा, तो बंद झालेला,
मी नुसत्या बनियनवर घरभर,
आणि आई म्हणतेय, बघ, कशी ऊब आहे!
ती ऊब माझ्याच नावावर होती.
मला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

एवढंच कसं?

फॉर्म भरला नाही. माफही केलं नाही.
तीन कंपन्यांना फोन करून माझं नाव गोठवून टाकलं.
आता त्यावर कुणालाच काही उघडता येणार नाही,
मला विचारल्याशिवाय.
बंदरातला बर्फ एप्रिलात वितळला. हा नाही.

मग दोनशे डॉलर बँकेत अडकवून एक कार्ड घेतलं.
म्हणजे आपलेच पैसे, आपल्यालाच उसने,
वर वेळेवर परत करून आपणच शहाणं ठरायचं.
त्यावर फक्त बसचा पास.
बिल यायच्या आधीच बिल भरायचं.
काउंटरवर वेलचीचे पाव बांधून द्यायचे,
मधल्या सुट्टीत बोटांची साखर पुसून आकडा बघायचा:
पाचशे एकोणतीस. पाचशे सदतीस.
गॅसचं जुनं देणं फेडलं त्या महिन्यात
चक्क सहानं खाली.
असं कसं, मी फोनवर विचारलं.
पलीकडचा मुलगा जरा थांबला,
म्हणाला, मॅडम, मलाही हे कधी कळलेलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात आईचा फोन. नवी जागा, मीटर घ्यायचाय,
तुझं आता बरं चाललंय ना गं?
मी म्हटलं, नाव गोठवलंय.
मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता, तो बराच वेळ ऐकला.
मग ती म्हणाली,
कसं करतात ते? माझंही करून दे.

सहाशे त्रेपन्न.
सुबारू मिळाली, मागचं एकच दार उघडणारी.
व्याज चौदा टक्के.
चौदा? आईनं शीळ घातली. मला एकोणतीस लावायचे.

तिनं पट्टा लावला, हातमोजा काढला,
बोट हीटरच्या बटणापाशी नेलं
आणि तिथंच थांबून माझ्याकडे बघितलं.
लाव, मी म्हटलं.

तिनं एकवरच ठेवला.