कोंचेम

दोन रविवार उलटले.
म्हणजे होडीच उलटली, दोन्ही रविवारी,
हिप्परग्याच्या तळ्यात, भर दुपारी,
काठावर म्हशी धुणाऱ्या पोरांच्या साक्षीनं.
"काय करलालीस गं अक्का?
पोहायचंच तर होडी कशाला?"

आषाढ इथं पाऊस आणेलच असं नाही,
वारा मात्र आणतो.
तोही एकसारखा नाही,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा
दार वाजवतो, निघून जातो,
आणि आपण कडी काढली
की खांद्यानं ढकलत आत घुसतो.

शीड पोट फुगवतं,
सुकाणू हातात जड होतं, हट्टाला पेटतं,
होडी नको तिथे, वाऱ्याकडेच, तोंड फिरवते
आणि मी दोर ओढत राहते.
ओढणं तेवढं मला येत होतं.

तिसऱ्या रविवारी नायना आले.
राजमल्लू येमुल, एकेकाळचे जॉबर.
चौतीस वर्षं यंत्रमागांच्या पोटात हात घालून काढली,
कान तिथंच राहिले.
त्यांना वारा ऐकू येत नाही.
होडीत ते कधी बसलेले नाहीत,
बसणारही नाहीत म्हणाले.

डोलकाठीभोवती एक फेरी मारली.
डावी तार चिमटीत धरली, मग उजवी,
डोळे मिटून,
बीमवरचा ताणा बघायचे तशी.
"डावी ढिली."
मला नाही वाटत, मी ओरडून सांगितलं.
"तुला वाटायचं काय आहे त्यात?"
पाना मागितला. पाऊण आटा.
पुन्हा चिमटी. अजून जरासा.

शिडाचं पोट कमी करायचं, एवढं मी वाचलं होतं.
आडव्या काठीवरचा खालचा काठ
त्यांनी ताणत नेला
सुरकुती जाऊन चादरीसारखा सपाट होईपर्यंत.
मला जोर चढला, मी वरचा कोपराही आवळायला गेले
तर मनगट धरलं.
"तिथं कोंचेम सोड."

आमच्या घरात हिशोब मराठीत होतो,
जीव तुटतो तो तेलुगूत.
कोंचेम म्हणजे थोडंसं,
पण थोडंसं म्हणताना
आवाज इतका खाली येत नाही.

"धागा ताणानं तुटत नाही,
झटक्यानं तुटतो.
झटका आला की जायला वाट लागते त्याला."

कोकणात या दोरांना नावं असतील, पिढ्यान्‌पिढ्यांची.
आमच्याकडे कुठली? त्यांनीच ठेवली.
उभ्या तारा, ताणा.
शिडाचा हातातला दोर, कांडी,
कारण ती उलगडत जायची असते, म्हणाले,
मुठीत धरून बसायची नसते.
पुढच्या एका दोराला नाव सुचलं नाही.
तो अजून नुसताच दोर आहे.

मी निघाले. काठावर ते,
तेलाचे जुने डाग असलेल्या सदऱ्यात.
झोत येतो तो आधी पाण्यावर दिसतो,
काळसर, सायीवर फुंकर मारल्यासारखा.
मला दिसायच्या आत त्यांना दिसला.
मूठ वर गेली, मिटलेली.
मग बोटं उघडत गेली, एकेक,
आणि मी तशीच कांडी सोडत गेले.
शिडाचा माथा मुरडला,
जास्तीचा वारा वरच्या वर सांडला,
होडी कलली,
कलल्या जागी थबकली,
मग तीरासारखी सुटली.

पुढच्या झोताला चुकले. कमरेपर्यंत भिजले.
पोरं हसली, म्हशी नाही.

परतताना तुळजापूर रोडला ट्रकमागून ट्रक,
स्कूटरवर मागे नायना.
सिग्नलला त्यांनी माझा डावा खांदा
दोन बोटांच्या चिमटीत धरला,
बहुतेक डोळे मिटून.
"फार आवळलंयस," म्हणाले.
"कोंचेम."