माग थांबला की

डॉक्टर विचारतात, झोपेचं हे कधीपासून?
मी म्हणते, दिवाळीपासून.
केसपेपरवरच्या एवढ्याशा रेघेत
दुसरं काय मावणार होतं?

झोप लागते तशी. साडेदहाला डोकं टेकलं की लागते.
तीन वाजून दहा मिनिटांनी डोळे उघडतात,
लख्ख, कुणी हाक मारल्यासारखे.
जुळे सोलापूर, तिसरा मजला,
खिडकीबाहेर रिकामे प्लॉट आणि बाभळी.
नवरा म्हणतो, किती शांत आहे बघ इथं,
ह्या शांततेचेच तर हप्ते भरतोय.

तीच उठवते मला.

अशोक चौकाच्या मागे आमची खोली,
भिंतीला भिंत लावून कारखाना, सोळा माग.
खटाक् खट, खटाक् खट,
फळीवरची भांडी रात्रभर कुजबुजायची,
तांब्यातलं पाणी थरथरायचं.
पाहुणे म्हणायचे, ह्यात पोरं निजतात तरी कशी?
ह्यातच निजायची.
सोळातले दोन माग नानांचे. एक लंगडा,
दर तिसऱ्या ठोक्याला अडखळणारा.
गर्दीत आपलं नाव ऐकू यावं
तसा मला तो वेगळा ऐकू यायचा.
तो चालू, म्हणजे नाना तिकडे.

कधी मध्यरात्री तो थांबायचा.
धागा तुटला असेल तर लगेच सुरू.
मी मोजायचे. साठ. एकशेवीस.
दोनशेच्या पुढे गेलं
की अंबादासच्या तळपायाला हात लावायचे.
चार वर्षांचा तो, डोळे मिटलेलेच,
उशीखालच्या चपला छातीशी धरून उठून बसायचा.
नरसव्वाच्या दारापर्यंत एकोणीस पावलं.
पावसाळ्यात बावीस.

आई हातातली विडी अर्धी टाकायची नाही.
दोऱ्याचा वेढा पुरा करायची, टोक दुमडायची,
आमच्याकडे न बघता म्हणायची, "पंडुको."
निजा.
आणि उठून दाराची कडी काढून ठेवायची.
त्यांना आत यायला की आम्हाला बाहेर पळायला,
मी कधी विचारलं नाही.

नाना जाऊन अकरा वर्षं झाली.
शेवटी शेवटी तर नातीला शेंगा सोलून द्यायचे,
एकेक दाणा, वरचं लाल साल काढून.
लंगडा माग भंगारात किलोवर गेला.
हे सगळं मी अंगाला सांगून बघितलंय,
मराठीत, तेलुगूत.
ते ऐकतं, मान हलवतं,
आणि तीन दहाला मोजायला लागतं.

अंबादास पुण्यात. डिसेंबरातही पंखा फुल लावून निजतो,
बायको दोन रजया घेते.
एकदा त्याचा फोन आला, पावणेचारला,
"लाईट गेली गं. पंखा थांबला. तू?"
"मी जागीच."
मग आम्ही हसलो. का ते बोललो नाही.

आता चार वाजत आलेत.
माझ्या चपला पलंगाखाली, टाचा माझ्याकडे,
तोंडं दाराकडे. रोज ठेवते, न बघता.
हर्षिता आडवीतिडवी पसरलीय,
एक पाय भिंतीवर, तोंड उघडं.
तिची एक चप्पल कूलरमागे दिसते,
दुसरी कुठंय देवाला ठाऊक.
सकाळी शाळेच्या गाडीपाशी बोंब होईल.

होऊ दे.
मी शोधून ठेवत नाही.