सातव्या पायरीपासून

धारूरच्या घाटात सीताफळ दगडात उगवतं,
त्याला कुणी पाणी घालत नाही.
त्याच्या बीत जे असतं ते घडवायला
मला एकोणीस पायऱ्या लागल्या, सव्वीस वर्षं.

आई बिया कुटून आमच्या केसांना चोळायची,
डोळ्यांवर फडकं करकचून.
"उघडू नको, आंधळी होशील."
त्या फडक्याआड काय होतं
ते बघायला मी विद्यापीठात आले.

मे महिन्यात नळाला धार नसायची.
मुजीबभाईंनी घरच्या कूलरचा पंप काढून आणला,
बादलीतलं तेच ते पाणी
कंडेन्सरमधून फिरवत ठेवलं,
बर्फ पैठण गेटच्या रसवंतीवरून, उधार.

बाराव्या पायरीला रात्री वीज गेली.
त्याबद्दल नको.

शेवटी हाती आले तीन मिलिग्रॅम,
काचेवर कुणी श्वास सोडावा एवढे.
पुण्याहून आलेख आला. सगळी शिखरं जुळली,
एक सोडून.
एका कार्बनवर माझा हात डावा पडला होता,
झाडाचा उजवा.

तोवर दोघं वाळूजच्या कंपनीत लागले होते.
सोनल गित्ते तेवढी उरली,
प्लेट दिव्याखाली धरून म्हणाली,
"मॅडम, सातव्यापासून?"
मी चष्मा पुसला. म्हटलं, सिलिका भिजत घाल.

काल तिनं गावाकडून टोपली आणली.
गर खाताना बिया कुणीच थुंकल्या नाहीत,
एकेक पुसून बाटलीत टाकल्या.
मुजीबभाईंनी चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली,
आणि नावाच्या जागी लिहिलं:
मूळ प्रत.