इतिवृत्त

भुसावळ. एप्रिलचा तिसरा शनिवार.
सात वाजून गेले तरी भिंतींना हात लावता येत नव्हता.
हॉलमध्ये कूलर दोन, पैकी चालू एक,
वाळ्याचा वास सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला.
हजर सभासद अकरा. चिटणीस म्हणून मी.

ब्रिजच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर सात बाटल्या:
स्कॉटलंडच्या दोन, मग आयर्लंड, जपान, केंटकी, तैवान
आणि टास्मानिया, जो भिंतीवरच्या नकाशात शोधताना
बऱ्हाटे डॉक्टरांना चष्मा बदलावा लागला.

बाटल्या सुधाकर नारखेड्यांच्या.
एकतीस वर्षं मालगाड्या हाकल्या त्यांनी,
आणि नंतर मुलगा, जावई, जावयाचा मित्र,
विमानाने जो कोणी येईल त्याला एकच निरोप.
बाटली यायची आणि कपाटात जायची,
बनियनांच्या घडीमागे, अंधारात.
माणसं जमू द्या, म्हणायचे.

माणसं जमली.
तेव्हा पहिला पेला हातात धरून त्यांनी सांगितलं
की दोन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं.
लाइट गेली म्हणावं, तसं सांगितलं.
"फोडणी जळाली तरी समजत नाही मले.
तुम्ही प्या. अन् सांगा, काय यी राह्यलं."

प्रत्येकापुढे छापील कागद होता.
मोटवाणींनी घसा साफ करून वाचलं:
व्हॅनिला, ओक, मनुका.
"कागद मलेबी वाचता येतो, शेठ."

यानंतर बराच वेळ फक्त कूलर बोलला.

फिरक्यांनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा नेला.
केळीच्या वखारीतली खोली, म्हणाले,
तिसऱ्या दिवशी दार उघडतो ना, हिरवं पिवळं होताना, तसं.
नारखेड्यांनी मान हलवली. "पुढचं?"
जपानला झांबरे मॅडम म्हणाल्या,
नवी कंपासपेटी. आतल्या पेन्सिलीला नुकतं टोक केलेलं.
(मॅडम रसायनशास्त्राच्या. चव घेतली नाही,
वास मात्र साताही पेल्यांचा घेतला.)
केंटकीला कोणी गुळाचं गुऱ्हाळ म्हणालं, कोणी बूट पॉलिश.
यावर वाद झाला. तो इथे नोंदवत नाही.

दरवर्षी पिंपातून थोडी दारू उडून जाते,
मॅडमनी मधेच सांगितलं,
तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.
"आपल्याकडे ठेवली असती," फिरके म्हणाले,
"तर पिंपासकट नेली असती त्यांनी."

सहावा पेला धुराचा. सगळे अडले.
डॉक्टर म्हणाले आयोडीन, आणि स्वतःच ओशाळले.
मी जळका दोर म्हणालो. नारखेडे थांबून राहिले.
तेव्हा बर्फ घेऊन आलेल्या सिकंदर तडवीला
कोणीतरी पेला दाखवला. तो पीत नाही.
लांबूनच हुंगलं त्याने, ट्रे खाली न ठेवता.
"भरीत आहे साहेब. कपाशीच्या काड्यांवरचं.
वांगं फुटून रस खाली पडतो बघा,
तेव्हाचा धूर. नंतरचा नाही."

कोणी हसलं नाही.
नारखेड्यांनी डोळे मिटले, पेला जवळ नेला,
अख्ख्या छातीने श्वास ओढला,
सिग्नल मिळायची वाट पाहावी तसे बसले.
आम्ही अकरा जण त्यांच्या नाकाकडे बघत होतो.

"नाही आलं," म्हणाले. "पण बरोबर सांगितलं गड्यानं.
शेडमधून घरी जायचो तव्हा मागच्या दारी
हेच असायचं." आणि सातवी उघडायला सांगितली.

सभा पावणेअकराला संपली. आभार मानायचे राहिले.
सहावा पेला त्यांनी तसाच ठेवला, उचलू नका म्हणाले.
सकाळी हिशेबाला गेलो तेव्हा
चादरीवर तो एकटाच होता, काठाशी एक मुंगी,
आणि रात्रीच्या ओल्या रेघेपासून
पातळी नखभर खाली.

तूट: नखभर.
कारणाच्या रकान्यात आधी "उष्मा" लिहिलं.
मग खोडलं. कोराच ठेवला आहे.
पुढच्या सभेत मंजुरीसाठी सादर.