रोजचं

शहाद्याला एसटी स्टँडसमोर माझा स्टुडिओ आहे.
पासपोर्ट साइज आठ कॉपी, साठ रुपये,
मागे निळा पडदा,
खुंटीला एक कोट, जो कुणालाही बसतो
कारण पाठीत तो उभा चिरलेला आहे.

बुधवारी गिऱ्हाईक नसतं. शटर ओढून
मी तापीवर जायचो, बॅरेजच्या फुगवट्याला,
जिथे भोयांची सतरा घरं
आणि नदीला कसलीच घाई नाही.

पहिल्या दिवशी सगळे नटून आले.
पोरांच्या केसांना तेल,
झेलाबाईच्या डोईवर लग्नातलं लुगडं,
उखर्डू वाडिले शर्टाची वरची गुंडी लावून
सागाच्या ओंडक्यासारखा ताठ.
मी म्हटलं, असं नको. रोजचं हवंय.
तो म्हणाला, 'रोजनं काय काढस, भाऊ?
रोज ते रोजच शे.'
आणि गुंडी सोडून कामाला लागला.

मग मी रोजचं काढलं.
ट्रकच्या ट्यूबवर पोट टेकून पाण्यात शिरणारा माणूस,
वल्ह्याऐवजी तळहात,
तळहात पांढरे, उकडलेल्या शेंगांसारखे सुरकुतलेले.
चिलापीचा काटा, अंगठ्यावरचं रक्त.
थर्माकोलचा खोका, बर्फावर गोणपाट,
ठेकेदाराची वही,
वहीत थुंकी लावून पुसलेला एक आकडा.
राख घेतलेल्या मुठीत झेलाबाई वाम धरते
तेव्हा मनगटावर गोंदलेला विंचू
वामेइतकाच वळवळतो.
पलीकडच्या पपयांतून तिरपा येणारा उजेड.
ढगाळ असलं की उखर्डूलाच माझी काळजी,
'आज काय दिसी तुले?'

चारशे बारा फोटो.
धुळ्याच्या प्रदर्शनात तिसरं बक्षीस त्याच्या पाठीला मिळालं:
ओली पाठ, खांद्यावर जाळं, पुढे नुसतं धुकं.
दीड हजार रुपये. त्यातले पाचशे
नेऊन द्यायचे राहून गेले.

पौषात हिंमत आला, त्याचा पोरगा,
अनवाणी, खांद्यावर पांढरा पंचा.
'बापना फोटू द्या. मोठा. दहावाले लागस.'

मी कॉम्प्युटर उघडला.
हात. पाठ. टाच.
कमरेइतक्या पाण्यात सावली.
जाळ्यामागे अर्धा गाल, तोही हललेला.
हिंमत माझ्या खुर्चीमागे उभा.
मध्येच एकदा म्हणाला,
'हाई ट्यूब बी आमनीच शे.'
चारशे बारांत एक तोंड नव्हतं.

शेवटी आधार कार्डावरून घेतलं,
तिकिटाएवढं, डोळे मिटायच्या बेतात.
मोठं करत गेलो तसं ते
वाळूसारखं सुटं होत गेलं.
खाली गळा, गळ्याखाली काहीच नाही,
म्हणून कोट घातला.
गुंडी लावली. वरची.

झेलाबाईनं फ्रेम पदरानं पुसली, हात लांब करून पाहिली.
'हाऊ कोन साहेब?'
आणि ती हसली,
दहा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल,
मग तोंडावर पदर घेऊन बराच वेळ तशीच बसली.
पदराआडून विचारलं,
'यान्हा हात कोठे शेतस?'

मला पाचशे रुपये आठवले. मी ते काढले नाहीत.

फ्रेमला दुसरी जागा नव्हती.
जाळ्याच्या खिळ्यावरच ती टांगली.
जाळं खाली आलं, त्याच्याबरोबर थोडी वाळलेली खवलं.
हिंमतनं ते खांद्यावर घेतलं,
दाराशी थांबून
ट्यूबमधली हवा अंगठ्यानं दाबून पाहिली.